खंडेनवमीचं चाक

सांगलीच्या स्टँडवर मी मोटारसायकलचा नवा टायर खांद्याला अडकवून एसटीत चढलो, तेव्हा कंडक्टरनं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"पाव्हणं, बाकीची गाडी मागनं येतीया काय?"

मागच्या बाकावरचे दोघंतिघं हसले. मीही हसलो. टायर मांडीवर घेऊन खिडकीशी बसलो आणि कडेगावपर्यंत त्या कोऱ्या रबराचा वास घेत राहिलो. मनात एक समाधान होतं, आणि ते मला नवीन होतं. गावाकडं जाताना मी सहसा मिठाईचा पुडा नेतो. या वेळी कामाची वस्तू नेत होतो.

गावी माझा थोरला भाऊ राहतो. मी त्याला दादा म्हणतो. पलटणीतली नोकरी संपवून तो परत आला आणि ऊस, जनावरं, घर सगळं त्यानं आणि वहिनीनं सांभाळलं. मी सांगलीत एका कॉलेजच्या कार्यालयात टेबलामागं बसतो. वर्षातून चार-सहा वेळा गावी येतो, सोप्यात बसतो, वहिनी तांब्यातून पाणी आणि कपातून चहा आणून देते. परत जाताना माझ्या पिशवीत ज्वारी, गूळ, शेंगा असतात. कुणी मला कधी काही बोललेलं नाही. पण त्या कपाची मला लाज वाटते. घरातली माणसं स्टीलच्या पेल्यातून चहा पितात. कप पाहुण्याला असतो.

दादाची मोटारसायकल जुनी आहे. सुट्टीवर आला असताना त्यानं ती घेतली, आणि तिचं चाक कधी दुसऱ्याच्या हातात दिलं नाही. पंक्चर असो, टायर असो, अंगणातच पोतं अंथरून तो स्वतः करायचा. या वर्षी त्याचा उजवा खांदा आखडला. हात छातीच्या वर जाईना. मागचा टायर गुळगुळीत होऊन आतले दोरे दिसायला लागले, तेव्हा त्यानं फोन केला.

"येताना टायर आन. दसऱ्याला जतकडं जायचं हाय. बसवायचं फाट्यावरच्या पोराकडनं बघू."

"मी बसवतो," मी म्हणालो.

"तू?"

"मी."

जतकडं म्हणजे त्याच्या पलटणीतल्या दोस्ताकडं. जत तालुक्यात, कर्नाटकाच्या हद्दीजवळ त्याची वस्ती आहे. दर दसऱ्याला दादा त्याला आपट्याची पानं, म्हणजे आमचं सोनं, द्यायला जातो. दोन वर्षांपूर्वी साखरेच्या आजारानं त्या दोस्ताची नजर गेली. तेव्हापासून दसऱ्याला तो सकाळपासून ओट्यावर बसून असतो आणि दादाच्या गाडीचा आवाज ओढ्यापलीकडून आला की काठी न घेता अंगणात उतरतो. त्या अंगणातली वाट त्याला तेवढ्या आवाजावर पाठ आहे, असं वहिनीच मला कधी तरी म्हणाली होती.

मी पोचलो ती अष्टमी होती. घरात घट बसलेले, दादा नवरात्राचा अनवाणी. त्याच्याबरोबर मीही चपला काढल्या. उन्हं कलल्यावर आम्ही कामाला लागलो. गाडी मधल्या स्टँडवर घेतली, खाली पोतं टाकलं, शेजारी वर्तमानपत्र पसरलं.

"जे सुटंल ते कागदावर वळीनं ठेव," दादा म्हणाला. तो उलट्या घमेल्यावर बसून सांगत होता.

ब्रेकची दांडी सोडवली. मोठा नट पान्यानं सुटेना, तेव्हा पान्याच्या दांड्यावर पाय देऊन उभा राहिलो.

"आरं, पाळण्यात बसल्यावानी झोके काय घेतूस? दाब!"

नट सुटला. मी आस बाहेर ओढला, तसा ब्रेकच्या बाजूनं एक बुश टपकन पोत्यावर पडला. बुश म्हणजे अंगठ्याएवढ्या जाडीचं लोखंडी नळकांडं. चाक आणि गाडीचा सांगाडा यांच्यामधली जागा तो धरून ठेवतो. तो नसला तर चाक एका अंगाला सरकतं आणि गाडी हलवता येत नाही. दादानं डाव्या हातानं गाडी आपल्याकडं कलती धरली, मी चाक मडगार्डखालून ओढून काढलं आणि त्या आनंदात मागं पडलो. सोप्यातून वहिनी म्हणाली, "भावजी, चाक निघालं का तुमी?"

जुना टायर रिमला असा चिकटला होता की फळी टाकून तिच्यावर मी नाचलो तेव्हा कुठं त्यानं जागा सोडली. मग टामी घालून, म्हणजे त्या चपट्या लोखंडी पट्ट्या घालून, कडा एकेक वीत वर काढली. तिथपर्यंत सगळं बरं झालं. नवा टायर मात्र कडक. निम्मा चढला, पाऊण चढला, आणि शेवटची वीतभर कडा काही केल्या आत जाईना. दिवस बुडायला आला होता. आत आरतीची तयारी चालली होती. दादा हातपाय धुवायला उठला. मी एकटा होतो. मी टामी खोलवर घातली आणि सगळं अंग टाकून दाबली. कडा टप्प करून बसली. तिच्याबरोबर एक बारीक आवाज आला. फुस्स.

आतली ट्यूब टामीत चिमटली होती. मला ते त्याच क्षणी कळलं.

मी पंप मारला. हवा भरली. कानाशी धरलं तर कुठं तरी झुरझुर येत होतीच. तेवढ्यात दादानं हाक मारली, "झालं का रं?"

"झालं," मी म्हणालो. "अंधार पडला. चाक सकाळी चढवतो."

मी असं का म्हणालो याचा मी पुष्कळ विचार केला आहे. खोटं बोलायचं म्हणून बोललो नाही. आयुष्यात एकदा दादाला माझ्याकडून काही तरी झालेलं बघू दे, एवढंच वाटलं.

सकाळी उठून अंगणात आलो तर वहिनीचं निम्मं काम झालं होतं. सोप्यात घोंगडी अंथरून तिच्यावर तिनं घरातली सगळी हत्यारं धुऊन मांडली होती. खुरपी, विळे, कोयते, पहार, औषध मारायचा पंप, आणि त्यांच्या शेजारी आमचे पाने, दोन्ही टाम्या, हवेचा पंप, कागदावरचा आस आणि नटसुद्धा. सगळ्यांना हळदकुंकू, सगळ्यांवर झेंडू. बाहेर गाडीच्या हँडलला हार. मागं चाकाच्या जागी मोकळी हवा. चाक भिंतीला टेकवलेलं, त्यालाही कुंकवाची बोटं ओढलेली.

"आज खंडेनवमी," दादा म्हणाला. "आज हत्याराला हात लावायचा न्हाई. काल तू सकाळी चढवतो म्हनलास, तवाच सांगाय पायजे हुतं."

मी विसरलो होतो. कॉलेजच्या कार्यालयात आम्ही नवमीला कॉम्प्युटरवर झेंडू ठेवतो, पेढा खातो आणि त्याच कॉम्प्युटरवर संध्याकाळपर्यंत काम करतो. हत्यारं एक दिवस खरोखरच स्वस्थ बसतात, हे माझ्या अंगवळणी राहिलं नव्हतं.

आणि मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण वाटलं खरं. भिंतीला टेकलेल्या चाकातली हवा रात्रीत पार गेली होती. नवा टायर ताठ होता म्हणून ते दिसत नव्हतं. देवापुढच्या हत्यारांनी माझी चूक एक दिवस झाकली होती. मी पूजेपुढं हात जोडून उभा राहिलो, आणि हात जोडलेलेच असताना डोळ्यांनी कागदावरचा माल मोजत होतो. आस आहे. नट आहे. वायसर आहे. बुश नाही.

पुन्हा बघितलं. बुश नाही.

मग मी तो दिवस शोधण्यात घालवला. पोतं झाडलं. गोठ्यातल्या पेंढीखाली बघितलं. मोरीत हात घातला. म्हैस माझ्याकडं बघत रवंथ करत होती.

"भावजी, काय हुडकताय?" वहिनीनं विचारलं.

"काही नाही. असंच."

"असंच मोरीत?"

फाट्यावर पंक्चरचं दुकान आहे. तिथं जुना बुश मिळेल, ट्यूबला ठिगळ लावून मिळेल, या आशेनं मी अनवाणीच तिकडं गेलो. दुकान उघडं होतं. हवेच्या टाकीला ऊसच बांधला होता, शेंड्यासकट, आणि तिच्यापुढं दुकानदार नवा सदरा घालून खुर्चीवर बसला होता.

"ट्यूबला ठिगळ—"

"आवं आज कसलं ठिगळ? आज साधी हवा पन न्हाई." त्यानं मला पेढा दिला. "उद्या सोनं घिऊन या, सगळं करतो. तुमी दादांचं भाऊ न्हवं? दादांनी तर कवा हितं चाक आनल्यालं न्हाई."

पेढा हातात घेऊन मी परत आलो.

दुपारी जेवणं झाल्यावर दादानं दोस्ताला फोन लावला. फोन तो नेहमी मोठ्या आवाजावर ठेवतो.

"उद्या येतूय बघ."

"गाडीवर?" पलीकडून आवाज आला.

"मग काय घोड्यावर?"

"न्हाई, तुजा खांदा धरलाय म्हनं. कुनाच्या तरी चारचाकीत बसून येशील. चारचाकी सगळ्या सारख्याच वाजत्यात गड्या. मला कळायचं न्हाई. दाराशी कोन आलं म्हनून इचारत बसावं लागंल, आपल्याच मानसाला."

"गाडीच आनतो म्हनलं न्हवं? बस ओट्यावर."

फोन ठेवला. वहिनी भांडी आवरत म्हणाली, "आवं, चाक न्हाईच चढलं तर शेजारच्यांची मोटार हायच की."

"आत्ता तो काय म्हनला, ऐकलंस न्हवं?"

मी खांबाला टेकून बसलो होतो. आणखी गप्प बसणं मला जमण्यासारखं नव्हतं.

"दादा," मी म्हणालो, "ट्यूब चिमटली. काल. मीच चिमटवली. चाकात हवा नाही."

"म्हाईत हाय."

"माहीत आहे?"

"मी चुळा भरत हुतो मोरीवर. नवा टायर असा साप निघाल्यावानी वाजतो व्हय? पर तू 'झालं' म्हनलास, तुज्या तोंडाकडं बघून पुढं बोलवंना." त्यानं सुपारी कातरायला काढली, मग अडकित्ताही पूजेत गेल्याचं आठवून सुपारी तशीच तोंडात टाकली. "ठिगळ लावलं की झालं. माज्याकडनं न्हाई चिमटल्या? पयल्या टायरीला दोन ट्यूबा खाल्ल्या मी."

"आणखी एक आहे," मी म्हणालो. "बुश हरवला. सकाळपासून शोधतोय. कुठंच नाही. माझ्याच हातून गेला असणार."

दादा सुपारी चघळायचा थांबला. त्याचा डावा हात सावकाश छातीवरच्या खिशाकडं गेला. खिसा रिकामा होता. त्यानं अंगणाकडं बघितलं. दोरीवर त्याचा कालचा सदरा वाळत होता.

"बुश," तो हळूच म्हणाला, "मी उचलला हुता काल. तू मागं पडलास तवा. पोत्यावर लवंडत चालला हुता, म्हनलं हरवंल, म्हनून खिशात टाकला."

"ते खिशातलं लोखंडाचं नळकांडं?" वहिनी दारात येऊन उभी राहिली. "ते तुमचं हुतं व्हय? मला वाटलं पलटनीतलं काय तरी ठेवनीतलं हाय. एवढं छातीशी धरून ठेवल्यालं म्हटल्यावर मी आपलं पुजंत ठेवलं."

आम्ही तिघंही सोप्यात गेलो. घोंगडीच्या मधोमध, बरोबर देवापुढं, एक मोठा झेंडू उभा होता. सकाळी मी हात जोडून उभा होतो तो त्याच्यासमोरच. झेंडूचा देठ ज्यात खोवला होता तो आमचा बुश होता. वर हळदकुंकवाचं बोट.

पहिल्यांदा वहिनी हसली. मग दादा असा हसला की आखडलेला खांदा धरून त्याला खाली बसावं लागलं. "आरं मोरीत हात घालून आलास की रं!" त्याला बोलता येईना. मलाही हसू आवरेना. माझ्या स्वभावात एक खोड आहे. घरात काही बिघडलं, सांडलं, हरवलं की मी आधी ते माझ्या नावावर लिहितो. हे एक माझं नव्हतं. माझ्या पन्नाशी उलटलेल्या आयुष्यात इतकं मोकळं मला क्वचित वाटलं असेल.

"मग घ्यायचा का काढून?" मी विचारलं.

दोघांनी माझ्याकडं अशा नजरेनं बघितलं की मी हात मागं घेतला. बुश त्या रात्री देवापुढंच राहिला. मला गाढ झोप लागली.

दसऱ्याला उजाडताच वहिनीनं हत्यारांवर पाणी शिंपडलं, नमस्कार केला आणि सगळी जागची हलवली. मग मोठा पाना उचलून तिनं तो दादाच्या हातात दिला. दादानं तो माझ्या हातात दिला.

ट्यूब बाहेर काढली. बादलीतल्या पाण्यात धरल्यावर बुडबुड्यांनी जागा दाखवली. तिथं घासून ठिगळ लावलं. वहिनीनं आपली पावडर आणून दिली, ती टायरमध्ये फिरवली, म्हणजे ट्यूब आत सरकती राहते. सगळ्या अंगणात लग्नघरासारखा वास सुटला. ट्यूबमध्ये या वेळी थोडी हवा आधीच भरली, गोल राहण्यापुरती. कडेला साबणाचं पाणी लावलं. शेवटची वीत परत अडली.

"थांब," दादा म्हणाला, "जोर नगं लावू." आणि तो समोरच्या बाजूनं टायरवर चक्क बसला, दोन्ही पाय पसरून. "माज्या खालची कडा रिमच्या खोलगटात गेली की तिकडं ढिली पडती. आता घे. दमानं."

टामीला नुसता हात लावला आणि कडा आत गेली. आवाज आला नाही. मी दादाकडं बघितलं, दादानं माझ्याकडं. दोघंही कान देऊन बसलो होतो. शांत. फक्त म्हशीच्या गळ्यातली घंटा.

चाक चढवताना दादानं झेंडू काढून बुश माझ्या तळहातावर ठेवला. मी तो फडक्यानं पुसायला गेलो.

"कुंकू पुसू नगा," वहिनी म्हणाली.

मग कुंकवावरच ग्रीस लावलं. आस घातला, नट आवळला, ब्रेक जोडला. स्टँडवर चाक फिरवलं तर ते पुष्कळ वेळ फिरत राहिलं. दादा त्याच्याकडं बघत बसला होता. मग उठला, सदरा बदलला, आपट्याची पानं रुमालात बांधली आणि माझ्या मागं बसला. या गाडीवर तो मागं कधीच बसला नव्हता. पाय कुठं ठेवायचे ते त्याला खाली बघून शोधावं लागलं.

विटा मागं पडलं तसा ऊस विरळ होत गेला. पुढं बाभळी, माळ, नुकती उगवलेली ज्वारी, मेंढरांचे कळप. एका वळणावर पाण्याचा टँकर गळत उभा होता आणि त्याच्याखाली चिमण्या पीत होत्या. मी खड्डे चुकवत होतो आणि मधूनमधून मागच्या चाकाकडं कान लावत होतो.

"चाकाला कान देऊ नगं, रस्ता बघ," दादा म्हणाला.

"हवा राहिली असेल ना?"

"मी बसलोय न्हवं तिच्यावर? गेली तर मला आधी कळंल."

ओढा ओलांडून वस्तीच्या चढाला लागलो. चढावर मी गिअर बदलला आणि समोर ओट्यावरून एक उंच माणूस उठला. डोळ्यांवर काळा चष्मा, डोक्याला नवा पटका. तो तसाच पायऱ्या उतरला, अंगणात चार पावलं आला आणि थांबला. मान तिरकी केली.

"गाडी तीच," तो म्हणाला, "पर चालवनारा दुसरा. माजा मानूस चढाला एवढा भिऊन गेर टाकत न्हाई."

"तुजा मानूस मागं बसलाय," दादा ओरडला. "म्हातारा झालाय."

"बर्री, बर्री!" कानडीत 'या, या' म्हणत, दोन्ही हात पसरून तो पुढं आला. दोघांनी एकमेकांना मिठी मारली ती आखडलेला खांदा सांभाळून. घाईत रुमालाची गाठ सुटेना, शेवटी मी सोडवली. पानं दोस्ताच्या हातात गेली, त्यानं ती कपाळाला लावली, मग माझ्यासाठी हात पुढं केला. मी वाकून पाया पडलो.

मग त्यानं गाडी चाचपली. टाकी, सीट, मडगार्ड, आणि खाली बसून मागचा टायर. कोऱ्या रबरावर केसांसारखे बारीक तंतू असतात, त्यावरून त्याचा अंगठा फिरत राहिला.

"कोरा दिसतोय. कुनी बसवला? फाट्यावरच्यानं?"

"ह्यानं," दादा म्हणाला. "घरी. अंगनात."

"व्हय?" काळा चष्मा माझ्याकडं वळला.

"एकदा ट्यूब चिमटली होती," माझ्या तोंडून गेलंच. "परत काढून बसवावा लागला. आणि बुश—"

"गप रं," दादा म्हणाला. "मानसानं सगळंच सांगायचं नसतं."

"सांगू दे की," दोस्त म्हणाला, "मला काय दिसतंय? मला ऐकायला तर मिळू दे." आणि मग त्या अंगणात बाजेवर बसून मी सगळं सांगितलं, मोरी, पेढा, झेंडूसकट. तो मांडी थोपटत हसत होता. दादा मधूनमधून माझं चुकलेलं दुरुस्त करत होता, आणि खिशाचा भाग आला तेव्हा म्हणाला, "ते राहू दे." ते मी राहू दिलं नाही.

उन्हं उतरली तसे आम्ही परत निघालो. हवा होती तेवढीच होती. गाडी अंगणात लावल्यावर दादानं पुढच्या चाकावर हात फिरवला आणि म्हणाला, "हाबी गेलाय. दिवाळीला येताना ह्येचा घिऊन ये."

दुसऱ्या दिवशी माझी सकाळची एसटी होती. मी सोप्यात येऊन बसलो आणि सवयीनं कपाची वाट बघायला लागलो. आतून वहिनीचा आवाज आला.

"भावजी, चा चुलीवर हाय, पेल्यात ओतून घ्या. आन् एसटीला येळ हाय तवर तेवढा हिरीवरच्या मोटारीचा पाइप बसतोय का बघा, काल निसटलाय."

मी पेला घेतला आणि विहिरीकडं गेलो.